न अडणारी गोष्ट

नोएडा,
सोमवार, २३ जून १९९७

ती. दादास,

इंदूचा नमस्कार. वहिनींनाही सांग.

तुझं पत्र गेल्या मंगळवारी पोचलं. आंबे उतरवून झाले, शाळेचा निकाल चांगला लागला, मोटारीचं वाइंडिंग पुन्हा जळलं, सगळं समजलं. तुझ्या पत्रात सगळ्या बातम्या एकाच सुरात असतात, हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर सूचना वाचून दाखवाव्यात तशा. त्याच सुरात तुझ्या राधाचीही एक ओळ होती. राधा आता तेरा वर्षांची झाली, या सुट्टीपासून तिचं विहिरीवर जाणं बंद केलं. त्या ओळीच्या आधी शेणखताची गाडी होती आणि तिच्यानंतर आत्याबाईंचा मोतीबिंदू. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यावर लिहायला म्हणूनच बसले आहे, पण तू मला ओळखतोस, मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही. आधी आमच्याकडचं सांगते.

आम्ही सगळे बरे आहोत. देवयानीला बारावीला चांगले मार्क पडले, आता ती रोज कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन नाव लागलं का ते बघून येते. सुजय नववीत गेला आणि माझ्यापेक्षा उंच झाला. हे नेहमीप्रमाणे सकाळी चार्टर्ड बसने मंत्रालयात जातात आणि संध्याकाळी त्याच खिडकीपाशी बसून परत येतात. उन्हाळा यंदा भयंकर होता. दुपारी लू सुटली की दारं-खिडक्या लावून अंधारात बसायचं, आणि तेवढ्यात वीज गेली की मग देवाचं नाव घ्यायचं.

आता आमच्या नियमाबद्दल. दोन वर्षांपूर्वी सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही यमुनेपलीकडे या सोसायटीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हापासून घरात एक नियम आहे. जे लागतं तेच घ्यायचं, जे नुसतं हवंसं वाटतं ते नाही. आपल्या दत्तात्रयच्या लग्नात तुम्ही सगळ्यांनी त्यावरून यांची यथेच्छ थट्टा केलीत. ‘श्रीरंगराव, दिल्ली सरकारची तूट तुम्ही एकटेच भरून काढणार का,’ असं तू भर पंगतीत विचारलंस. हे बिचारे जिलबीकडे बघत हसत राहिले आणि मीही पदर तोंडाला लावून हसले. दादा, तेव्हाच सांगायला हवं होतं, पण आज सांगते. तो नियम यांचा नाही. माझा आहे.

झालं असं की आम्ही राहायला आलो त्या दिवसांत जिन्यात रोज नवा खोका दिसायचा. शेजारच्या सचदेवांकडे वॉशिंग मशीन आलं की महिन्याच्या आत समोरच्यांकडे यायचं. एकाकडे रंगीत टीव्ही आला की दुसऱ्याकडे त्याहून मोठा. सगळं हप्त्यावर. संध्याकाळी बायका खाली जमल्या की बोलणं वस्तूंचंच, आणि आमची मुलं घरी आल्यावर तेच बोलणं पुढे चालवायची. आमच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता होता. मी यांना म्हटलं, आपण चौघांनी मिळून काहीतरी ठरवू या, नाहीतर आपण या खोक्यांखाली गाडले जाऊ.

तेव्हापासून दर रविवारी पोहे खाऊन झाले की चौघं जमिनीवर गोल करून बसतो. ज्याला काही घ्यायचं असेल त्याने सांगायचं. मग हे विचारतात, ‘अडलं का?’ नुसतं हो म्हणून भागत नाही. ती वस्तू नाही म्हणून सगळ्यांच्या देखत तीनदा अडावं लागतं, मग ती मंजूर. तीनदा हा आकडा यांचा, सरकारी माणसाला एका अर्जावर भरवसा नसतो. बाकी सगळी कल्पना माझी. सुजयला सायकल मिळाली ती शिकवणीला तीनदा पोचता आलं नाही म्हणून. देवयानीला चष्मा मिळाला तो फळ्यावरचं चुकीचं उतरवून आणलं म्हणून. रंगीत टीव्ही मात्र मंजूर झाला नाही, कारण मॅच असली की सचदेवांकडे जाऊन बघता येते आणि सचदेवाभाभी वर चहाही देते. आम्ही एकही वस्तू हप्त्यावर घेतली नाही, आणि फ्लॅटचा हप्ता एकदाही चुकवला नाही. याचा मला अभिमान होता आणि आहे. तू हसलास तरी आहे.

आता खरी गोष्ट. एप्रिलमध्ये आमच्या पलीकडच्या सेक्टरात नवीन तलाव उघडला. पोहण्याचा तलाव. मी भाजी घेऊन येत होते, जाळीतून आत नजर गेली आणि पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. एवढं निळं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. तळाची फरशीन् फरशी दिसत होती. फाटकावर पाटी होती की सकाळचा एक तास फक्त स्त्रियांसाठी. घरी आले, कोथिंबीर निवडली, कणीक मळली, आणि दिवसभर माझे खांदे आपोआप हलत होते.

पुढच्या रविवारी मी सांगितलं, मला पोहायला जायचंय, तिथे नाव घालायचंय.

सुजय आधी हसला. देवयानी म्हणाली, ‘आई, तुला स्विमिंग येतं?’ माझ्या पोटच्या पोरीला हे माहीत नव्हतं, दादा. मी कधी सांगितलंच नव्हतं. यांना माहीत होतं, लग्न ठरलं तेव्हा अप्पांनी सांगितलं होतं, पण तेही विसरले होते. यांनी काही थट्टा केली नाही. इतर कुणाला विचारावं तसंच मला विचारलं, ‘अडलं का?’

काय सांगणार? नाही अडलं. पोहण्यावाचून पंचेचाळीस वर्षांच्या बाईचं काय अडणार?

मग मी जरा लबाडी करून पाहिली. डिस्पेन्सरीत गेले आणि गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, ते काही खोटं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम चांगला. मी विचारलं, पोहणं चालेल का? ते म्हणाले, उत्तम. मी विजयी होऊन घरी आले आणि रविवारी डॉक्टरांचं मत मांडलं. हे म्हणाले, चालायला जा, रस्ता फुकट आहे. यात चूक काढायला जागा नव्हती. नियम माझाच होता आणि त्यात मीच अडकले होते. दुसऱ्या दिवसापासून मी चालायला जायला लागले. जाळीपर्यंत जायचं आणि परत यायचं.

एक दिवस देवयानी माझ्याबरोबर चालायला आली. मी जाळीपाशी थांबले तशी तीही थांबली. म्हणाली, ‘आई, तुझं कधी काही अटकतच नाही. सुजयचं अटकतं, माझं अटकतं, बाबांचं अटकतं. दोन साल में तुझी एक चीज पास नाही झाली.’ ती सहज बोलून गेली आणि पुढे चालायला लागली. मी मात्र घरी येईपर्यंत तेच घोळवत होते. मिक्सर होळीला जळला, तेव्हा मी तो मागितला होता. पण माझ्याकडे आईचा पाटा होता, मी त्यावर वाटत राहिले, कुणाच्या ताटातली चटणी कमी झाली नाही, मग अडणार कसं? मी दुसरी बादली मागितली होती. पाणी सकाळी तासभर येतं, मी उठून पातेल्यांत भरून ठेवत राहिले, कुणाची आंघोळ राहिली नाही. कूलरचा पंप बैसाखीच्या सुमारास बंद पडला होता. मी दुपारी दर थोड्या वेळाने उठून वाळ्याच्या ताट्यांवर मगाने पाणी ओतत होते. सगळे गार हवेत झोपायचे. घरातल्या कुणाला पंप बंद आहे हेच माहीत नव्हतं.

मी हात लावत होते म्हणून अडत नव्हतं. आणि अडत नव्हतं म्हणून मला काही लागत नव्हतं, असा हिशेब निघत होता. मला यांचा राग आला नाही, मुलांचाही नाही. माझ्या हातांचा राग आला.

तेव्हा मी ठरवलं, एक आठवडा हात लावायचा नाही. भांडण नाही, तोंड फुगवणं नाही. स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, पण जिथे वस्तू नाही तिथे आपण वस्तू व्हायचं नाही.

दादा, तो आठवडा तू बघायला हवा होतास. पाटा मी धुऊन कॉटखाली सरकवला. पहिल्या दिवशी चटणी नाही, दुसऱ्या दिवशी इडल्या नाहीत. सुजयने विचारलं, मी सांगितलं, मिक्सर नाही. त्याच आठवड्यात संकष्टी आली. यांचा उपास, आणि मी साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय केली. यांनी पहिला घास घेतला आणि ताटाकडे असे बघत राहिले की मला हसू आवरेना, मी उठून मोरीत गेले. बादली एकच म्हणून सुजय आंघोळीशिवाय शाळेत गेला. आणि कूलर. दुपारी मी ताट्यांवर पाणी ओतलं नाही, मीही मुलांसारखी चटईवर पडून राहिले. कूलरमधून भट्टीसारखी हवा यायला लागली. सुजय उठला, मागे जाऊन बघून आला आणि म्हणाला, ‘आई, पंप तो डेड है. कधीपासून?’ मी म्हटलं, बैसाखीपासून. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. आत जाऊन पाण्याचा मग घेऊन आला आणि स्वतः पाणी ओतायला लागला. तेव्हा मला जरा भरून आलं.

रविवार उजाडला. हे पोहे संपायच्या आधीच बोलायला लागले. पंप मंजूर, बादली मंजूर, मिक्सर मंजूर, आणि मी आधी का नाही बोलले. मी म्हटलं, मिक्सर आणि बादलीचं बोलले होते, तुम्ही अडलं का विचारलं, तेव्हा अडलं नव्हतं. हे डोक्यावरून हात फिरवत बसले. ऑफिसात फाइल चुकीच्या टेबलावर गेली की असंच करत असणार. मग म्हणाले, घे तुला काय घ्यायचं ते, सगळं लागणारंच आहे.

तिथेच थांबले असते तर माझी जीत झाली होती. मिक्सर येणार होता. पण मला मिक्सरने आनंद होत नव्हता. मी म्हटलं, ‘पंप आणा, बादली आणा. मिक्सर तुम्हाला चटणी हवी असेल तर आणा. मला पोहायला जायचंय. ते अडलं नाही आणि कधी अडणार नाही. मला ते लागत नाही. मला ते हवंय.’

खाली भंगारवाला ओरडत होता तेवढंच ऐकू येत होतं. नियम मोडायला निघालेली बाई नियम करणारीच, त्यामुळे बाजू कुणाची घ्यायची हे मुलांना कळेना. शेवटी हे अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘मलाही कोटलाच्या मैदानावर पॅव्हेलियनमध्ये बसून एक मॅच बघायची आहे. कॉलेजपासून.’ देवयानीने तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. आपल्यालाच अडलं का विचारायचं आणि आपणच नाही म्हणायचं, असं ते करत आले असणार.

मग नियमाला पुरवणी जोडली. लागणाऱ्या गोष्टींना जुनाच नियम. पण वर्षातून एकदा प्रत्येकाची एक हौस, आणि तिचं कारण कुणी विचारायचं नाही. ‘कारण विचारायचं नाही’ हे शब्द यांचे. मला ते फार आवडले. तेवढ्यासाठी मी यांची खिचडी माफ केली आणि त्याच दुपारी कॉटखालून पाटा काढून कोथिंबिरीची चटणी वाटली. हवी म्हणून वाटली.

पोहण्याचा पोशाख घ्यायला देवयानीला घेऊन करोल बागेत गेले. दुकानदार पंजाबी, पोक्त. त्याने देवयानीकडे बघून विचारलं, ‘बेटी के लिए?’ मी म्हटलं, ‘नहीं, मेरे लिए.’ त्याने पापणीसुद्धा हलवली नाही, आतून झालरीचा एक काळा पोशाख काढून दिला, गुडघ्यापर्यंत येणारा. घरी आल्यावर आतून कडी लावून घालून पाहिला. आरशात मी कशी दिसत होते ते तुला सांगत नाही. पण पाय माझेच होते, विहिरीच्या पायऱ्या उतरणारे.

पहिल्या दिवशी फजिती झाली. तिथे शिकवायला हरियाणाची एक मुलगी आहे, देवयानीपेक्षा जेमतेम मोठी, गळ्यात शिट्टी. तिने सगळ्या बायकांना उथळ बाजूला कडेच्या लोखंडी नळीला धरून उभं केलं. सचदेवाभाभीही आली होती, ती नळी सोडायलाच तयार नव्हती. मध्ये दोरी लावलेली, पलीकडे खोल पाणी. जी बाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जाईल तिलाच पलीकडे सोडणार, तिला वेगळा पास. मी त्या मुलीला म्हटलं, मला येतं. ती म्हणाली, ‘आंटी, सब यही बोलते हैं.’ मग मी शिडीने न उतरता दोरीपलीकडच्या काठावरून, गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला. पाणी पार भाभीच्या टोपीपर्यंत उडालं. इतकं जमलं. पण पुढे हात चार-सहा वेळा चालले आणि थांबले. पाण्याने मला ओळखलंच नाही. नाकातोंडात गेलं, मी धडपडले, आणि त्या मुलीने बांबू पुढे करून मला कडेला ओढून घेतलं. सगळ्या बघत होत्या. कपडे बदलताना वाटलं, उगाच हट्ट केला. हौसेपायी एवढा तमाशा करून ठेवला आणि येत तर काही नाही.

हे फाटकाबाहेर उभे होते. बायकांचा तास, आत येता येत नव्हतं. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. टॉवेलची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, ‘उद्या पण ऑफिसला उशिरा गेलं तरी चालेल.’

दुसऱ्या दिवशी गेले. रोज गेले. आधी रुंदीत, मग थोडं लांब. रात्री खांदे इतके दुखायचे की कूस बदलता यायची नाही, पण त्या दुखण्याचाही एक आनंद होता. आणि गेल्या शुक्रवारी त्या मुलीला म्हटलं, आज जाते. तिने शिट्टी तोंडात धरली आणि कडेने माझ्याबरोबर चालायला लागली. अर्ध्यापर्यंत ठीक गेले. मग दम लागला, पोटऱ्या ओढायला लागल्या, कान भरले. आणि दादा, मला तुझा आवाज आला. पंधरा वर्षांचा, नुकता फुटलेला. ‘इंदे, दमलीस की उताणी हो. घाई कसली?’ मी उताणी झाले. वर नोएडाचं धुळकट आकाश होतं, पाणी खालून धरून होतं. पाय नुसते हलवत राहिले, थांबले नाही, आणि दम परत आल्यावर पालथी होऊन निघाले. शेवटी हाताला भिंत लागली. त्या मुलीने एवढी मोठी शिट्टी मारली की बाहेर यांना वाटलं कुणी बुडालं. सचदेवाभाभीने नळी सोडून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, तोही तिचा पहिलाच प्रसंग. मी भिंतीला धरून पाण्यातच हसत होते, रडतही असेन, ओल्या तोंडावर कुणाला कळतंय. आता माझ्याकडे खोल पाण्याचा पास आहे. आमच्या सोसायटीत तो फक्त माझ्याकडे आहे. सुजय मित्रांना सांगत सुटलाय.

आता ते दुसरं लिहिते. ते टाळत इथवर आले.

तू मला पोहायला शिकवलंस. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललंस, आणि मी किंचाळले तेव्हा माझ्याआधी तू पाण्यात होतास. तीन उन्हाळे आपण दोघं त्या विहिरीत होतो. मग मी तेरा वर्षांची झाले, आणि एका सकाळी तू काठावर उभा राहून म्हणालास, उद्यापासून येऊ नकोस. माझ्याकडे न बघता म्हणालास. अप्पांनी सांगायला लावलं असेल, मला ठाऊक आहे. मी कारण विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. घरी येऊन मी भाकऱ्या थापायला बसले. कुणाचं काही अडलं नाही. सगळ्यांना वाटलं, इंदू समजूतदार आहे. मी समजूतदार नव्हते, दादा. मला तुझा फार राग आला होता. त्यातला थोडा आत्ता तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्यापाशी होता, हे मलाच माहीत नव्हतं.

आणि तू राधाबद्दल ते एका ओळीत लिहिलंस, शेणखत आणि मोतीबिंदूच्या मध्ये. मला वाटतं तुलाही ते लिहायला जड गेलं असेल, म्हणून असं लपवून लिहिलंस. तुझं शेंडेफळ ते, पोहायला तिला तूच शिकवलंस, हे वहिनींनी मला मागे लिहिलं होतं. ती माझ्यासारखीच विचारणार नाही. भाकऱ्या थापायला बसेल आणि तुझ्या घरात काही अडणार नाही.

तुझं पत्र मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. राधाच्या ओळीपाशी माझा आवाज जरा बदलला असावा. शनिवारी यांना सुट्टी. हे देवयानीला घेऊन कुठेतरी गेले आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परत आले. काल रविवारी पोहे झाल्यावर यांनी कपाटातून एक पुडकं काढून मध्ये ठेवलं. म्हणाले, ही माझी या वर्षीची हौस. सुजय म्हणाला, ‘बाबा, कोटला?’ हे म्हणाले, ‘पुढच्या वर्षी. आणि कारण विचारायचं नाही.’

आत पोहण्याचा पोशाख होता, निळा. राधाच्या मापाचा. म्हणजे अगदी मापाचा नाही. देवयानी सांगत होती, दुकानदाराने बरोबर माप काढून दिलं होतं, पण यांनी ते परत करून एक नंबर मोठं घ्यायला लावलं. वाढत्या अंगाची मुलगी, निदान तीन उन्हाळे तरी गेला पाहिजे म्हणाले. एवढी हौस करूनसुद्धा तुझे श्रीरंगराव ते श्रीरंगरावच.

तेव्हा पार्सल याच टपालाने पाठवते आहे. राधाच्या नावाने आहे, तिलाच उघडू दे. पोचल्याची पोच तिच्या अक्षरात यावी. आणि दादा, आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे, आम्ही घेतलेली वस्तू वापराविना पडून राहिलेली आम्हाला चालत नाही. ती तीन उन्हाळ्यांसाठी घेतलेली आहे.

तुझी,
पोहणारी
इंदू